मागच्या भिंतीपासून पुढच्या दारापर्यंत

मित्रांनो, मी एक जुना सायकल-स्टँड आहे. सायकलच्या मागच्या चाकापाशी जो छोटा पाय असतो, तो मी नव्हे; तो माझा लांबचा भाऊ. मी म्हणजे दुकानासमोर जमिनीत रोवलेल्या लोखंडी नळ्या. तुम्ही माझ्याशी सायकल टेकवता, कुलूप लावता आणि पिशवी हलवत आत निघून जाता. बाहेर आल्यावर तुमचे लक्ष सायकलकडे असते, माझ्याकडे नसते. त्याचा मला मुळीच राग नाही. सायकल जागच्या जागी आहे, हे पाहून तुमचा चेहरा कसा सैल होतो, ते मी रोज पाहतो. तेवढ्यावर माझे पोट भरते.

पण असेही दिवस होते, जेव्हा लोक माझ्याकडे बोट दाखवून हसत. आणि अगदी खरे सांगायचे तर, त्यांचे फारसे चुकतही नव्हते.

माझा जन्म एका गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली झाला. तिथे एक वेल्डिंग करणारी बाई होती. तिला सगळे ठिणगीमावशी म्हणत. चेहऱ्यावर काळा मुखवटा चढवून ती कामाला बसली, की चहूकडे ठिणग्या उडत आणि मुखवट्याच्या आतून तिचे गाणे ऐकू येई. आवाज बेसूर होता, पण हात मात्र सुरात होता. तिच्या दुकानात एक म्हातारी मांजर होती. एवढ्या खणखणाटात ती थंड पत्र्यावर अशी झोपे, जणू तिच्यासाठीच कोणी अंगाई गात आहे.

माझ्याआधी मावशीने जिन्यांचे कठडे केले होते, खिडक्यांच्या जाळ्या केल्या होत्या, एका शाळेचे मोठे फाटकही केले होते. सायकल-स्टँड मात्र ती पहिल्यांदाच करत होती. गावातल्या मोठ्या सुपरमार्केटने तिला एक कागद पाठवला होता. त्यावर माझे चित्र होते: जमिनीलगत एक लांब चौकट आणि तिच्यात दहा खाचा. एकेका खाचेत एकेका सायकलचे पुढचे चाक घुसवायचे. मावशीने कागद तीनदा पाहिला, नळ्या मोजल्या, कापल्या, जोडल्या. काम झाल्यावर तिने हातमोजे काढले आणि उघडा तळवा माझ्या अंगावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. जिथे जिथे टोचले, तिथे तिथे पुन्हा घासले.

"कुणा लेकराच्या हाताला खरचटायला नको," ती मांजरीला म्हणाली. मांजरीने एक डोळा उघडला आणि मिटला.

मग मला पिवळाधमक रंग मिळाला. रंग वाळेपर्यंत मला कधी एकदा कामावर जातो असे झाले होते.

सुपरमार्केटचे मॅनेजर म्हणजे मोठे शिस्तीचे गृहस्थ. त्यांच्या पट्ट्याला कायम मोजायची टेप लटकलेली असे, म्हणून दुकानातली माणसे त्यांना पाठीमागे टेपसाहेब म्हणत. दोन मांडण्यांमधून लहान बाळाची ढकलगाडी जाते की नाही, वरच्या फळीपर्यंत बुटक्या माणसाचा हात पोहोचतो की नाही, हे ते स्वतः मोजून पाहत. माणूस मनाने चांगला होता. फक्त एक गोष्ट होती: ते सायकल चालवत नसत, त्यांच्या ऑफिसातले कोणीच चालवत नसे, आणि माझे चित्र ज्याने काढले त्यानेही बहुधा शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावला नव्हता.

"पुढची सगळी जागा मोटारींना लागेल," साहेब म्हणाले. "मागे भिंतीपाशी जागा रिकामी आहे. तिथे बसवा."

झाले. पिवळाधमक मी दुकानाच्या मागे गेलो. एका बाजूला रिकाम्या खोक्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला माल उतरवायचा चौथरा, समोर कचऱ्याचे दोन मोठे डबे. तरीही मी छाती काढून उभा राहिलो. दहा खाचा, दहा सायकली! आता येतीलच, असे म्हणत मी दिवसभर कोपऱ्याकडे डोळे लावून बसे.

आणि एके दिवशी खरेच एक सायकल आली. तिच्यावर एक नर्सबाई होत्या. घरोघरी जाऊन आजारी माणसांच्या जखमा धुणे, पट्ट्या बदलणे, इंजेक्शने देणे, हे त्यांचे काम. मुले त्यांना पट्टीताई म्हणत. सायकलच्या पुढे टोपली, टोपलीत औषधांची पेटी आणि पेटीवर नेहमी कसली तरी यादी खोचलेली. कारण ज्यांच्याकडे त्या जात, त्यांच्यातल्या अर्ध्याअधिक म्हाताऱ्यांना घराबाहेर पडता येत नसे. मग कुणाचे दूध, कुणाचा साबण, कुणाची मऊ बिस्किटे पट्टीताईच घेऊन जात. दिवसातून तीन वेळा त्या दुकानात येत आणि प्रत्येक वेळी धावतपळत येत.

त्यांनी पुढचे चाक माझ्या तिसऱ्या खाचेत घातले. साखळी सायकलच्या दांड्यापर्यंत काही केल्या पोहोचेना, म्हणून ती चाकातून आणि माझ्यातून ओवली आणि कुलूप लावले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी ते चाक असे गच्च धरून ठेवले, जशी लहान मुले मेळ्यात आईचे बोट धरतात.

बारा दिवस सगळे छान चालले. तेराव्या दिवशी दुपारी दोन माणसे आली. एकाने इकडेतिकडे पाहिले. पाहायला तिथे होते कोण? खोकी, डबे आणि मी. दुसऱ्याने खिशातून पाना काढला, पुढच्या चाकाचे दोन नट सैल केले आणि सायकल वर उचलली. चाक माझ्या हातात राहिले, सायकल त्यांच्या खांद्यावर गेली. मला ओरडता येत नव्हते, पळता येत नव्हते. मी फक्त चाक घट्ट धरून होतो.

थोड्या वेळाने पट्टीताई कोपऱ्यावरून आल्या. एका हातात दूध, दुसऱ्या हातात बिस्किटे.

"अगं बाई!" एवढेच त्या म्हणाल्या. मग पुढे आल्या, चाकाला हात लावला, कुलूप ओढून पाहिले. कुलूप अगदी पक्के होते. त्यांना आधी हसू आले. मग त्या एका उलट्या खोक्यावर बसल्या आणि बाहीने डोळे पुसले.

माल उतरवणारा ट्रक ड्रायव्हर चौथऱ्यावरून म्हणाला, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. चाक तरी इमानदार निघालं!"

त्याने धीर द्यायलाच म्हटले होते. पण ती गोष्ट बघता बघता गावभर झाली. 'एक चाक राखणारा स्टँड' म्हणून लोक मला बघायला येऊ लागले, आणि बघून, हसून, परत जाऊ लागले. सायकल मात्र कुणी आणेना. पट्टीताई पुढचे दोन महिने पायी फिरल्या. कुणाची पट्टी सकाळची दुपारी बदलली गेली, कुणाचे दूध संध्याकाळी पोहोचले. हे मला ट्रक ड्रायव्हरच्या बोलण्यातून कळे आणि मी आतल्या आत खजील होई.

मग माझ्यावर मोडक्या ट्रॉल्या आल्या. त्यांच्यावर जाहिरातींचे फलक आले. शेवटी एक माणसाएवढा प्लास्टिकचा टोमॅटो आला. तो कधीकाळी दुकानाच्या दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हसून दाखवत असे. एका बाजूने फुटल्यावर त्याला माझ्या अंगावर आणून टाकले. दोन वर्षे तो तसाच माझ्यावर ओणवा पडून हसत होता. मित्रांनो, तुम्ही रुसलेले असताना समोर कोणी सतत हसत राहिले तर कसे वाटेल? पहिले सहा महिने मला त्याचा भयंकर राग येई. नंतर सवय झाली. नंतर तर तो नसता तर आपले कसे झाले असते, असेही वाटू लागले. पाऊस तोच अंगावर झेलत होता.

दोन वर्षांनी एका सकाळी पावलांचा आवाज आला. पुढे टेपसाहेब, मागे पट्टीताई. पट्टीताईंच्या हातात एक जुनीच, पण नीट तेलपाणी केलेली सायकल होती आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबलेल्या दिसत होत्या.

झाले होते असे: पट्टीताईंनी सायकल दुकानाच्या दारातल्या उताराच्या कठड्याला बांधली होती. तेवढ्यात चाकांच्या खुर्चीत बसलेले एक काका आले. त्यांना वर चढता येईना. साहेब बाहेर आले आणि चिडले.

"काकांची मी माफी मागितली," पट्टीताई म्हणत होत्या. "चूक माझीच. पण मला एवढं सांगा, मी सायकल लावायची कुठे? झाडाला लावली तर माळी ओरडतो. पाण्याच्या पाइपला लावली तर तुम्ही चिठ्ठी चिकटवता. डोक्यावर घेऊन आत येऊ का?"

"अहो, मागे स्टँड आहे ना! चांगला दहा सायकलींचा!" साहेब म्हणाले. "हा बघा."

आणि त्यांनी बोट दाखवले टोमॅटोकडे.

मग साहेबांनी बाह्या सरसावल्या. टोमॅटो बाजूला केला, फलक उचलले, ट्रॉल्या ओढल्या. पट्टीताईंनीही हात लावला. शेवटी खाली मी दिसलो. रंग उडालेला, कोळ्यांच्या जाळ्यांनी भरलेला.

"ओळख आहे आमची," पट्टीताई म्हणाल्या. "यानं माझं एक चाक सांभाळलं होतं. बाकीची सायकल नाही."

साहेब ओशाळले. "ते ऐकलं होतं मी. तसंही कोणी वापरत नाही. उद्या वेल्डरला बोलावलंय. कापून भंगारात देणार आहे."

पण पट्टीताईंनी सायकल पुढे आणली आणि चाक माझ्या खाचेत घालू लागल्या. या सायकलचा टायर जाड होता. तो शिरेना. जोर लावला तर टोपली अडकली, सायकल कलली आणि आरे करकरले.

"बघा. धरलं तर फक्त चाक धरतो, तेही वाकवून. सायकल राहिली बाहेर लोंबत. यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याला केलंय तसं. आणि साहेब, तुम्हाला मोजायची आवड आहे ना? मग दारापासून इथपर्यंत किती पावलं होतात, ते मोजा बरं."

साहेबांना असे कोणी आजवर म्हटले नव्हते. ते खरोखरच गेले आणि पावले मोजत परत आले. "सत्त्याऐंशी."

"आणि मोटार लावून दारात जायला?"

साहेबांना हे मोजावे लागले नाही. ते त्यांना पाठ होते. "नऊ," ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी कचऱ्याच्या डब्यांकडे पाहिले. भिंतीला एकही खिडकी नाही, हे पाहिले. मी तर म्हणेन, दोन वर्षे जिथे ते रोज येत होते, ती जागा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

दुसऱ्या दिवशी वेल्डर आली. हातात कटर, डोक्यावर वर सरकवलेला काळा मुखवटा. ती वाकली, माझ्या एका जोडावरून अंगठा फिरवला आणि तिथेच खाली बसली.

"ही शिवण माझी आहे," ठिणगीमावशी म्हणाली.

मला किती बोलावेसे वाटले! पण बोलायला पट्टीताई होत्याच. दोन घरांच्या मध्ये त्यांना अर्धा तास मिळाला होता आणि मला कापण्याआधी काही सांगावे म्हणून त्या मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी चाकाची सगळी हकिकत सांगितली. मावशीचे तोंड उतरले.

"मला कागद दिला आणि मी केला," ती म्हणाली. "इतका घासला, इतका रंगवला. पण सायकल चालवणाऱ्या एकाही माणसाला विचारलं नाही, की बाबा रे, तू कुलूप कुठं लावतोस?"

"मग आता विचारा की," पट्टीताई म्हणाल्या.

मावशीने खिशातून खडू काढला. मित्रांनो, तो अर्धा तास मी जन्मभर विसरणार नाही. दोघी फरशीवर उकिडव्या बसल्या. पट्टीताईंनी सायकल उभी धरली, मावशीने तिच्याभोवती खडूने रेघा मारल्या. कुलूप दांड्यातून आणि चाकातून एकदमच गेले पाहिजे. सायकलला दोन ठिकाणी टेका मिळाला पाहिजे, म्हणजे टोपली भरलेली असली तरी ती पडणार नाही. खाचा नकोतच; कमान हवी, कंबरेएवढी उंच. एका कमानीला दोन्ही बाजूंनी दोन सायकली. हँडलला हँडल अडकू नये म्हणून दोन कमानींत पुरेसे अंतर.

"पुरेसे म्हणजे किती?" मागून आवाज आला. टेपसाहेब कधी येऊन उभे राहिले होते, कळलेच नाही. त्यांची टेप सर्रकन बाहेर आली. "एक मीटर धरा. आणि उतारापासून लांब हवं. ते खुर्चीवाले काका पुन्हा अडकले तर मी कुणाचंच ऐकणार नाही. आणि काउंटरवरच्या बाईला काचेतून दिसलं पाहिजे. चोर ओळखीच्या नजरेला घाबरतो."

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. साहेब मागच्या भिंतीबद्दल बोलत नव्हते. ते दारापुढच्या जागेबद्दल बोलत होते!

बोलून गेल्यावर ते त्यांच्याही लक्षात आले. त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे एका मोटारीची जागा जाणार. वरच्या ऑफिसला मी काय सांगू?"

"सांगा, एका मोटारीच्या जागेत दहा गिऱ्हाइकं उभी करतोय," मावशी म्हणाली.

"उभी राहिली तर!" साहेब म्हणाले. बराच वेळ ते टेप आत-बाहेर करत राहिले. "एक आठवडा. सोमवार ते शनिवार. शनिवारी सकाळी पाच कमानी भरलेल्या दिसल्या, तर राहील. नाही दिसल्या तर..." आणि त्यांनी मावशीच्या कटरकडे पाहिले.

मला मावशीच्या दुकानात परत नेले. म्हातारी मांजर अजून होती, अजून झोपलेलीच होती. तुम्हाला वाटेल, कापले जाताना मला फार दुखले असेल. खरे सांगू? नळ्यांना वाकायला आवडते. चौकटीत दोन वर्षे अंग आखडून गेले होते. मावशीने मला सुटे केले, गरम केले, वाकवले, थोडे नवे लोखंड माझ्यात घातले, आणि जांभई देऊन आळस झाडावा तसा मी पाच कमानी होऊन उभा राहिलो. या वेळी गाणे तेच होते आणि अजून तितकेच बेसूर होते.

रविवारी मला दारापुढे बसवले. दारापासून अकरा पावलांवर. साहेबांनी टेप लावून प्रत्येक कमान सरळ आहे की नाही, ते दोनदा तपासले. जमिनीत घट्ट रोवून झाल्यावर मावशीने मला एक लाथ मारली. मी हललो नाही. "झालं," ती म्हणाली आणि निघून गेली.

सोमवारी एकच सायकल आली. पट्टीताईंची. साहेब काचेमागून पाहत होते. एका मोटारवाल्याने आपली नेहमीची जागा गेली म्हणून एवढा हॉर्न वाजवला, की फळांच्या मांडणीवरची बाई दचकून बाहेर आली.

मंगळवारी दोन. बुधवारी तीन, पण त्यातली एक बंद पडलेली होती आणि तिचा मालक ती तिथे ठेवून बसने घरी गेला. ती मोजायची की नाही, यावर साहेबांनी बराच विचार केला. शेवटी मोजली. मला तेव्हाच वाटले, हा माणूस आपल्या बाजूला झुकतो आहे.

इकडे पट्टीताई स्वस्थ बसल्या नव्हत्या. ज्या घरी जात, तिथे पट्टी बांधता बांधता सांगत, "दुकानापुढे नवा स्टँड झालाय. तुमच्या सुनेला सांगा. तुमच्या नातीला सांगा. अख्खी सायकल सांभाळतो, बरं का!" एका आजोबांनी तर पाय बरा व्हायच्या आतच सायकल काढायला सांगितली. त्यांना पट्टीताईंनी चांगलेच दटावले.

गुरुवारी समोरच्या सलूनवाल्याकडे केस कापायला आलेल्या तिघांनी सायकली माझ्याकडे लावल्या. साहेब तणतणत बाहेर आले. "ही आपली गिऱ्हाइकं नाहीत! ही सलूनची आहेत!" पण अर्ध्या तासाने तिघेही मानेवरचे केस झटकत परत आले आणि सायकल काढण्याआधी एकजण साबण घ्यायला आत शिरला, दुसरा ब्रेड घ्यायला, आणि तिसरा, "आलोच आहे तर," म्हणत नुसताच शिरला आणि दोन पिशव्या भरून बाहेर आला. साहेब दारात उभे होते. त्यांनी त्या तिसऱ्यासाठी दार धरले.

शुक्रवारी सहा. सहा म्हणजे तीन कमानी. शनिवारी पाच भरायला हव्या होत्या. संध्याकाळी दुकान आवरताना साहेबांनी माझ्या टोकाच्या रिकाम्या कमानीवर हात ठेवला आणि तसेच थोडा वेळ उभे राहिले.

शनिवारी सकाळी ऊन पडले. दुकान उघडले तेव्हा माझ्यापाशी एकही सायकल नव्हती. नऊ वाजता दोन. साडेनऊला चार. त्यात पट्टीताई नव्हत्या. त्या दिवशी त्यांना लांबच्या वस्तीत जावे लागले होते. म्हणजे माझी हक्काची एक सायकलही येणार नव्हती. मावशी मात्र आली. 'सहज' आली म्हणाली, आणि समोरच्या बाकावर 'सहज' बसून राहिली.

मग एका बाईंनी मागच्या सीटवर मुलगी बसवून आणली. मुलीने उतरता उतरता माझी कमान धरून गोल फेरी मारली. त्यांच्यामागून त्यांची जाऊ आली. शाळेचे संगीतशिक्षक पाठीला पेटीएवढे ओझे बांधून आले. सलूनवाल्याचे एक गिऱ्हाईक आले. एक नवरा-बायको भांडतच आले, भांडतच दोन सायकली एकाच कुलपात अडकवल्या आणि भांडतच आत गेले. खुर्चीवाले काका आले, मोकळ्या उतारावरून सरसर वर चढले आणि दारात थांबून मागे वळून म्हणाले, "वा! आज तर जत्राच भरलीय!"

सव्वादहाला साहेब बाहेर आले. त्यांनी मोजले. एका टोकाकडून मोजले, मग दुसऱ्या टोकाकडून मोजले. दहा. पाच कमानी, दहा सायकली.

मावशी बाकावरून उठली नाही. पण तिचे पाय गाण्याच्या तालावर हलू लागले होते.

तेवढ्यात घंटी वाजली. एक आजी आल्या. त्यांची सायकल तीन चाकांची होती, मागे एवढी मोठी टोपली, की तिच्यात मांजरीचे अख्खे कुटुंब मावले असते. आजी माझ्यापाशी आल्या, एकेक कमान पाहत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या आणि थेट साहेबांसमोर येऊन थांबल्या.

"काय हो, मुख्य तुम्हीच ना? माझी नात म्हणाली, इथे सायकल लावायची सोय केलीय. पाच वर्षांनी घराबाहेर पडलेय मी स्वतःच्या चाकांवर. जागा कुठे आहे?"

साहेबांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. कमानी भरलेल्या. उतार अडवायचा नाही, हा तर त्यांचाच नियम. मोटारींच्या सगळ्या जागा भरलेल्या. आणि माझ्या अगदी शेजारी, सगळ्यांत चांगल्या जागेवर, 'मॅनेजर' अशा पाटीखाली त्यांची स्वतःची मोटार उभी होती.

त्यांनी एकदा पाटीकडे पाहिले. एकदा आजींकडे पाहिले. मग खिशात हात घातला आणि किल्ली काढली.

"दोन मिनिटं थांबा हं, आजी," ते म्हणाले.

त्यांनी मोटार बाहेर काढली आणि वळसा घालून दुकानाच्या मागे नेऊन लावली. कचऱ्याच्या डब्यांपाशी. तिथून ते चालत परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि ते हसत होते. आजींनी मोठ्या ऐटीत आपली तीनचाकी त्या जागेत घातली. मावशी धावतच पुढे आली. आजींची साखळी माझ्या टोकाच्या कमानीपर्यंत पोहोचते की नाही, ते तिने स्वतः पाहिले. पोहोचत होती.

"मावशी," साहेब म्हणाले, "या जागेत अजून किती कमानी बसतील?"

"तुम्हीच मोजा की," मावशी म्हणाली. तोपर्यंत टेप बाहेर आलीच होती.

मित्रांनो, त्याला आता बरीच वर्षे झाली. माझ्या शेजारी माझी पाच भावंडे उभी आहेत. एक कमान खास रुंद आहे, तीन चाकांच्या सायकलींसाठी. सलूनच्या दारात दोन कमानी आहेत, औषधांच्या दुकानापुढे दोन, आणि कोपऱ्यावरच्या एका फळवालीने तर आपल्या एवढ्याशा दुकानापुढेही एक लावून घेतली आहे. कुठलीही कमान करायची असली, की ठिणगीमावशी आधी सायकलवाल्यांना बोलावते, खडू काढते आणि मगच कटर हातात घेते. पट्टीताईंना आता कामाच्या मध्ये पाच मिनिटे जास्त मिळतात. ती पाच मिनिटे त्या बाकावर बसून काही न करता घालवतात. त्यांना तसे बसलेले पाहून मला फार बरे वाटते.

आता माझे तुमच्याकडे एक मागणे आहे. सायकल लावाल तेव्हा कुलूप नुसते चाकाला लावू नका, दांड्यालाही लावा. शेजारच्या सायकलसाठी जागा सोडा. उतार आणि पायवाट कधी अडवू नका. त्या वाटेने कोणाला तरी यायचे असते. बंद पडलेली सायकल माझ्यापाशी महिनोन् महिने टाकून जाऊ नका. तिलाही दुरुस्त होऊन फिरायचे असते. माझ्यावर गंज दिसला तर दुकानात जाऊन सांगा. आणि मोठे व्हाल, कोणासाठी काही करायला घ्याल, तेव्हा ज्याला ते वापरायचे आहे त्याला आधी विचारा. एवढे केलेत, तर माझ्यासारख्या किती वस्तूंची वर्षे फुकट जायची वाचतील.

बरे, आता बोलणे आवरतो. एक ताई दोन्ही हँडलांना पिशव्या अडकवून, डुगडुगत माझ्याकडेच येत आहे. तिला आधार हवा आहे. या बाई, या, इकडून लावा. ही बाजू रिकामी आहे.